पेशीतल्या तेलाच्या बुधल्यांवर विषाणूंचा डोळा

पेशीनामा (धागाकर्ता)

शाळेच्या पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत केंद्रक ठळक, मायटोकाँड्रिया ठळक, आणि तेलाचा थेंब काढलाच तर कोपऱ्यात, नाव न देता. बराच काळ जीवशास्त्रातही त्याची तीच पत होती: जास्तीचं तेल साठवायचं, लागेल तेव्हा जाळायचं. १९९१ मध्ये चरबीपेशींतल्या थेंबांवर बसणारं पेरिलिपिन हे प्रथिन पुढे आलं. या थेंबाला राखणदार आहेत आणि आत-बाहेर काय जावं यावर पहारा आहे, हे मग हळूहळू कळत गेलं. या धाग्यात बोलायचंय ते हा पहारा चुकवणाऱ्या विषाणूंबद्दल. मी थेंबाला मेदबिंदू म्हणतो. कुणी लिपिड ड्रॉपलेट म्हटलं तरी चालेल.

आधी रचना. पेशीतलं नेहमीचं पटल दुहेरी असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. मेदबिंदूभोवतीचा थर एकेरी असतो: फॉस्फोलिपिडांची डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत तेलात. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर. त्यामुळे पटलातून आरपार जाणारी प्रथिनं इथे बसूच शकत नाहीत, पलीकडच्या बाजूला पाणी नाही ना. इथे टिकतात ती दोन तऱ्हेची. एक, केसातल्या आकड्यासारखी दुमडून तेलात रुतलेली. दुसरी, एका अंगाने तेलकट आणि दुसऱ्या अंगाने पाणीप्रेमी अशी मळसूत्री गुंडाळी असलेली, जी पृष्ठभागावर आडवी पडते. विषाणूंच्या हाती लागलेली किल्ली बहुतेक वेळा ही दुसरी.

बिंदू तयार होतो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे ईआरच्या पटलात. डीजीएटी१ आणि डीजीएटी२ ही दोन एन्झाइमं डायग्लिसराइडला तिसरं मेदाम्ल जोडतात. तेल पटलाच्या दोन थरांच्या मधे साचतं, भिंगासारखं फुगतं, सेइपिन नावाचं प्रथिन त्या मानेशी कडं करून बसतं आणि बिंदू पेशीद्रवाच्या बाजूला बाहेर येतो. पांढऱ्या चरबीपेशीत एकच बिंदू १०० मायक्रॉनपर्यंत वाढतो. यकृतपेशीत पुष्कळसे एखाद-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान. डेंग्यूचा कण ५० नॅनोमीटरचा. म्हणजे एक मायक्रॉनच्या बिंदूच्या व्यासावर असे वीस कण ओळीने मावतील.

सगळ्यात नीट उलगडलेलं उदाहरण हिपॅटायटिस सी. जीनोम साधारण ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए, त्यातून सुमारे ३,००० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी बनते आणि ती कापून दहा प्रथिनं निघतात. पहिलं प्रथिन कोअर, म्हणजे आरएनएभोवतीचं कवच. ते १९१ अमिनो आम्लांवर सुटं होतं. मग पेशीचंच सिग्नल पेप्टाइड पेप्टिडेज त्याची शेपटी १७७ च्या आसपास कापतं आणि ते मेदबिंदूकडे जायला मोकळं होतं. हा दुसरा काप पडला नाही तर कोअर ईआरलाच अडकून राहतं. पहिली सुमारे ११७ अमिनो आम्लं आरएनए धरतात. पुढचा भाग म्हणजे मधे बिजागरी असलेल्या दोन मळसूत्री गुंडाळ्या. बिंदूवर बसतात त्या या. बिजागरीतली १३८ आणि १४३ या जागांवरची दोन प्रोलीन बदलून ॲलॅनीन केली की कोअर बिंदूवर बसत नाही आणि संसर्गक्षम कण जवळपास बनत नाहीत. जपानी गटाने २००७ मध्ये हे दाखवलं आणि मेदबिंदू हा विषाणूच्या जुळणीचा ओटा आहे ही कल्पना पक्की झाली.

पुढे कोअर बिंदूवरून पेशीचं स्वतःचं पेरिलिपिन-२ हुसकतं. राखणदार गेल्यावर बिंदू डायनीन या मोटरच्या जोरावर सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाजवळ ओढले जातात आणि तिथे द्राक्षांच्या घडासारखे जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण सहज ओळखू येते.

डेंग्यू, पोलिओ, रोटा यांवर जाणकारांनी लिहावं. मी मुद्दाम थांबतो.

---

अडाणी_प्रश्न

उत्तम लेख. पण आरएनए कवचात भरायला तेल कशाला हवं? कवच आणि आरएनए दोन्ही पाण्यातले जीव, तेलाच्या थेंबाशी त्यांचं काय काम?

---

पेशीनामा

आरएनए तेलात जात नाही, हे आधी स्पष्ट करतो. पृष्ठभाग वापरला जातो, आतला साठा नव्हे. निदान हिपॅटायटिस सी मध्ये तरी.

अडचण अशी की या विषाणूचा एकच आरएनए धागा तीन कामांना लागतो: त्यावरून प्रथिनं वाचायची, त्याच्या प्रती काढायच्या, आणि तोच कवचात भरायचा. तिन्ही कामं एका जागी, एका वेळी चालली तर कवचप्रथिन अर्धवट वाचलेला धागाच गुंडाळून टाकेल. म्हणून कोअरला बाजूला नेऊन बिंदूवर ठेवायचं आणि प्रती काढण्याचं काम शेजारच्या ईआरवरच्या फुगोट्यांत चालू द्यायचं. एनएस५ए हे विषाणूचं दुसरं प्रथिन दोन्हीकडे ये-जा करतं आणि नवा धागा कोअरपर्यंत पोहोचवतं.

यातली खरी गंमत डीजीएटी१ मध्ये आहे. वर लिहिलं की तेल बनवणारी एन्झाइमं दोन आहेत. कोअर त्यांपैकी फक्त डीजीएटी१ ला चिकटतं. २०१० मध्ये असं दिसलं की डीजीएटी१ बंद केलं तरी डीजीएटी२ च्या जिवावर पेशीत बिंदू बनत राहतात, पण कोअर त्यांच्यावर जात नाही. आरएनएच्या प्रती ठीक निघतात, बाहेर पडणारे संसर्गक्षम कण मात्र घसरतात. म्हणजे नुसतं तेल असून भागत नाही. कोअरचा हात धरून नव्याने बनणाऱ्या बिंदूवर चढवणारं कुणी लागतं. एनएस५ए सुद्धा डीजीएटी१ ला धरतं, त्यामुळे दोघं एकाच बिंदूवर भेटतात.

---

उंबरठा

डेंग्यूचं मी लिहितो. इथे एक वाद वर्षानुवर्षं चघळला जातो आणि निम्म्या वेळा दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

डेंग्यूचं कवचप्रथिन लहान, १०० च्या आसपास अमिनो आम्लं. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या गटाने दाखवलं की ते मेदबिंदूंभोवती कड्यासारखं जमतं. दुसऱ्या मळसूत्रातली ५० आणि ५४ या जागांवरची दोन ल्युसिनं बदलली की कडं नाहीसं होतं आणि नवे कण बनणंही कोसळतं. मेदाम्ल बनवणारं एन्झाइम सी७५ या रसायनाने रोखलं तरी कण घटतात. त्याच कामात संसर्गानंतर पेशीतले बिंदू वाढलेले दिसले.

पुढच्याच वर्षी शिकागोच्या गटाचं काम आलं. तिथे यकृताच्या पेशींत बिंदूंचं तेल घटलेलं दिसलं. डेंग्यू ऑटोफॅजी सुरू करतो, पेशी आपलेच मेदबिंदू गिळून पचवते, सुटलेली मेदाम्लं मायटोकाँड्रियात जळतात आणि त्यातून मिळणाऱ्या एटीपीवर (पेशीच्या ऊर्जेच्या नाण्यावर) विषाणूच्या प्रती निघतात. पुरावा चोख होता. ऑटोफॅजी रोखली की विषाणू मंदावतो. मग बाहेरून मेदाम्लं दिली की पुन्हा उसळी घेतो. मेदाम्लं जाळणंच रोखलं तर बाहेरून देऊनही फायदा नाही.

हिशोब सोपा आहे. एक पाल्मिटेट पूर्ण जाळलं तर निव्वळ १०६ एटीपी, एका ग्लुकोजमधून ३० ते ३२. कोठारावर धाड घालणाऱ्याला एवढं पुरे.

२०१८ मध्ये यात एयूपी१ हे प्रथिन आलं. ते मुळात मेदबिंदूवरच बसतं. डेंग्यूचं एनएस४ए त्याला धरतं, एयूपी१ बिंदूवरून निघून ऑटोफॅजीच्या पिशव्यांकडे जातं आणि तिथून तेल पचायला लागतं. एयूपी१ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण असेल तर हा डाव जमत नाही. संसर्गात ती खूण नसलेलं रूप वाढतं.

मग वाढतात की घटतात? माझं मत: प्रश्नच अर्धा आहे. पहिलं काम मुख्यतः हॅमस्टरच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या बीएचके पेशींत, दुसरं यकृताच्या पेशींत. वेळ वेगळी, मोजमाप वेगळं. आधी ओटा म्हणून वापर आणि नंतर जळण म्हणून वापर, या दोन्ही गोष्टी एकाच संसर्गात एकामागून एक होऊ शकतात. कुणी फक्त ४८ तासांचा फोटो दाखवून निष्कर्ष काढत असेल तर त्याला १२, २४ आणि ३६ तासांचे फोटो मागा.

---

साळुंकी

उंबरठा, बरोबर. आणि अर्धी भांडणं रंग लावण्यातल्या चुकांमुळे होतात, म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर.

पेशी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ ते २० मिनिटं स्थिर करा. मिथेनॉल किंवा ॲसिटोन अजिबात नको. इतर प्रतिपिंडांसाठी ती सोय ठीक असते, पण इथे ज्याचा फोटो काढायचा तेच तेल ती धुऊन नेतात. नंतर काच पाहिली की बिंदूंच्या जागी काळी भोकं दिसतात, आणि नवखा माणूस लिहितो, "संसर्गात बिंदू नाहीसे झाले."

प्रतिपिंड आत जाण्यासाठी पटल सैल करायचं तर ट्रायटन टाळा. ०.१ टक्क्यालाही बिंदू एकमेकांत मिसळतात आणि वरची प्रथिनं सुटतात. ०.१ टक्का सॅपोनिन घ्या. सॅपोनिनचं काम उलटण्याजोगं असतं, ते काढलं की पटल पुन्हा मिटतं. म्हणून धुण्याच्या आणि प्रतिपिंडाच्या प्रत्येक द्रावणात ते ठेवायचं. पहिल्याच पायरीत वापरून सोडलं तर दुय्यम प्रतिपिंड आत जात नाही आणि संसर्गच झाला नाही असं वाटतं.

तेलासाठी बॉडिपी ४९३/५०३. डीएमएसओमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम साठा, हजारपट पातळ करून मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, १० ते १५ मिनिटं, प्रतिपिंडांनंतर सगळ्यात शेवटी. रंग हिरवा आहे, त्यामुळे जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेल्या विषाणूबरोबर चालत नाही. तिथे दूरच्या लाल रंगाचा लिपिडटॉक्स बरा. नाइल रेड टाळा, त्याचा पट्टा फार रुंद आणि साध्या पटलांनाही तो रंगवतो. वर झाकण लावायला ग्लिसरॉलचं माध्यम. सेंद्रिय द्रावक असलेली कडक होणारी माध्यमं तेल विरघळवतात. फोटो त्याच दिवशी.

ऑइल रेड ओ वापरायचा असेल तर आयसोप्रोपॅनॉलमधला ०.५ टक्के साठा तीन भाग आणि पाणी दोन भाग, १० मिनिटं ठेवून गाळायचा. गाळणं चुकवलं तर रंगाचे स्फटिक पेशींवर पडतात आणि तेही मेदबिंदू म्हणून मोजले जातात.

मोजणी: नुसती संख्या देऊ नका. संख्या, सरासरी आकार आणि पेशीमागे एकूण क्षेत्रफळ, तिन्ही द्या. दहा लहान बिंदू मिसळून एक मोठा झाला तर संख्या घटते, तेल तेवढंच राहतं. हिपॅटायटिस सी मध्ये घड जमतात, तिथे संगणक अख्ख्या घडाला एक मोजतो. शिवाय साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २००-२५० नॅनोमीटर, त्याखालचे नवजात बिंदू दिसतच नाहीत. म्हणून ट्रायग्लिसराइडचं रासायनिक मोजमाप सोबत हवंच.

---

अडाणी_प्रश्न

एका काचेवर सगळ्याच पेशींना संसर्ग होतो का? नसेल तर सरासरीला अर्थ काय?

---

साळुंकी

नेमकी दुखरी नस पकडलीत.

पेशीमागे सरासरी एक संसर्गक्षम कण टाकला तर पॉयसनच्या गणिताने सुमारे ३७ टक्के पेशींत एकही कण जात नाही. तीन टाकले तर ५ टक्के कोऱ्या राहतात. पहिल्या काचेवरून ट्रायग्लिसराइड काढून मोजलं तर एक तृतीयांशाहून जास्त निरोगी पेशींचं तेल त्यात मिसळलेलं असतं. संसर्ग झालेल्या पेशीत तेल निम्म्यावर आलं तरी एकूण आकडा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने उतरतो.

उपाय: आवरणप्रथिनाविरुद्धचं ४जी२ किंवा दुपदरी आरएनए ओळखणारं जे२ प्रतिपिंड लावून पेशीगणिक निवडायचं. दोन्ही उंदराची, म्हणून कवचप्रथिनाचं प्रतिपिंड सशाचं घ्या. त्याच काचेवरच्या कोऱ्या शेजारणींचा वेगळा गट ठेवा. कारण संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन हा धोक्याचा संदेश सोडते आणि त्याने शेजारणीचे बिंदूही बदलतात. पूर्ण बिनविषाणू काच हा तिसरा गट, अतिनील किरणांनी निकामी केलेला विषाणू टाकलेली काच हा चौथा.

डेंग्यूच्या कवचप्रथिनाबद्दल इशारा: ते केंद्रकात, विशेषतः केंद्रिकेतही बरंच जातं. अख्ख्या पेशीवर बॉडिपीशी जुळणीचा गुणांक काढला तर आकडा पडतो. आधी केंद्रक वजा करा.

---

तिरफळ

मला वाटतं धागा कवचप्रथिनांतच अडकलाय. पोलिओची तऱ्हा निराळी आहे आणि मला ती जास्त हुशार वाटते.

पोलिओला बाहेरचं आवरणच नाही, त्यामुळे ओटा लागत नाही. लागतात ती पटलं. साडेसात हजार न्यूक्लिओटाइडांच्या आरएनएच्या प्रती काढायला तो पेशीत काही तासांत पटलांचा अख्खा मांडव उभा करतो. त्यासाठीचं फॉस्फोलिपिड कुठून येतं? २०१९ च्या कामात दिसलं की प्रती काढणारी ठिकाणं मेदबिंदूंना थेट खेटून असतात. विषाणूचं २सी हे प्रथिन आपल्या मळसूत्राने बिंदूला धरतं, तेल तोडणारी पेशीची लायपेझं तिथे गोळा होतात, आणि सुटलेली मेदाम्लं शेजारीच फॉस्फोलिपिड बनवायला जातात. लायपेझं रोखली की प्रती काढणं मंदावतं.

म्हणजे तोच बुधला. कुणी त्याच्यावर पाट मांडून बसतो, कुणी तेल दिव्यात जाळतो, कुणी त्याच तेलाचा रंग करून भिंती रंगवतो.

---

उंबरठा

दिव्याचं आवडलं. रोटाची भर घालतो. त्याच्या अकरा तुकड्यांच्या दुपदरी आरएनएच्या प्रती व्हायरोप्लाझ्म नावाच्या दाट गोळ्यांत निघतात. एनएसपी२ आणि एनएसपी५ ही त्यांची मुख्य प्रथिनं. २०१० मध्ये दिसलं की या गोळ्यांबरोबर पेरिलिपिन आणि मेदबिंदूंचे घटक असतात, आणि घनतेच्या उतारावर फिरवलं तर दोन्ही एकाच पट्ट्यात येतात. आयसोप्रोटेरेनॉलने तेल तोडायला लावलं किंवा मेदाम्लं बनणं रोखलं की गोळे आणि नवे विषाणू दोन्ही घटतात. इथे बिंदू ओटा की सांगाडा, यावर मी पैज लावणार नाही.

---

गवळण

हे वाचून घरचा प्रश्न. पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यूची साथ असतेच. मग तापात तूप, तेल बंद करावं का? आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्याला फायदा होतो का? एका ढकलपत्रात तसं होतं.

---

वैद्य_नव्हे

तुपाचा याच्याशी संबंध नाही. वरणभातावरचं तूप आतड्यात तुटतं, नवी बांधणी होऊन रक्तात येतं, चरबीत आणि यकृतात वाटलं जातं; विषाणू शिरलेल्या पेशीत आज किती बिंदू असतील हे चमचाभर तुपावर ठरत नाही. शिवाय पेशी साखरेपासूनही मेदाम्लं बनवते. आजाऱ्याला पचेल ते द्या, पाणी-पेज-ओआरएस भरपूर द्या. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात जपायचे: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

गोळीबद्दल: ते तपासून झालंय. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीत ३०० प्रौढ डेंग्यू रुग्णांवर लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची यादृच्छिक चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आला. औषध सुरक्षित ठरलं, पण आजारात आणि रक्तातल्या विषाणूत फरक पडला नाही. आधीपासून स्टॅटिन चालू असेल तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. डेंग्यूसाठी म्हणून सुरू करायचं कारण नाही. ढकलपत्र पुढे ढकलू नका.

---

तिरफळ

वैद्य_नव्हे, मग डीजीएटी१ रोखणाऱ्या औषधांचं काय झालं? पेशीनामा यांच्या लेखावरून तर हिपॅटायटिस सी चा कणाच मोडायला हवा.

---

वैद्य_नव्हे

प्रयोगही झाला आणि निकालही लागला. प्राडिगास्टॅट हे डीजीएटी१ रोखणारं औषध. पेशींच्या बशीत विषाणूवर जोरदार. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना दिलं तर रक्तातल्या विषाणूवर काही परिणाम नाही.

का? माझा अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच घ्या: बशीतल्या हू-७ पेशी या यकृताच्या कर्करोगाच्या पेशी. खऱ्या यकृतपेशीसारखं व्हीएलडीएल (रक्तातून तेल नेणारे कण) त्यांना नीट बाहेर टाकता येत नाही आणि त्यांचं तेलाचं व्यवहारपत्रक वेगळं. शिवाय यकृतात डीजीएटी२ चा वाटा मोठा. आणि सहनशक्तीची अडचण आहेच: डीजीएटी१ आतड्यातही काम करतं, त्यामुळे या वर्गाच्या औषधांनी जुलाब होतात. जन्मतःच डीजीएटी१ नसलेल्या बाळांना तीव्र जुलाबाचा आजार होतो, ते २०१२ पासून माहीत आहे.

आज उपचार थेट विषाणूवर आहेत. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात सिऱ्हॉसिस नसलेल्याला सोफोस्बुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, रोज, १२ आठवडे, मोफत. डॅक्लाटासव्हिरचं लक्ष्य एनएस५ए, म्हणजे वर ईआर आणि बिंदू यांच्यात ये-जा करणारं म्हणून आलेलं तेच. यजमानाचं तेल न छेडता विषाणूचा हमालच पकडला.

---

पेशीनामा

यात भारताशी थेट जोडलेली गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे हिपॅटायटिस सी चा जीनोटाइप ३ (जनुकीय प्रकार) सगळ्यात जास्त सापडतो, आणि यकृतात चरबी साठण्याशी सर्वांत घट्ट नातं याच प्रकाराचं आहे. दुसऱ्या जीनोटाइपांत दिसणारी चरबी बऱ्याचदा रुग्णाच्या वजनाशी आणि मधुमेहाशी जोडलेली. ३ मध्ये विषाणू स्वतःच ती साठवतो. त्याच्या कोअरमध्ये १६४ व्या जागी टायरोसीनऐवजी फेनिलॲलॅनीन असतं, आणि तेवढा एक बदल दुसऱ्या जीनोटाइपच्या कोअरमध्ये केला तरी पेशीत तेल वाढतं. एकट्या त्या अमिनो आम्लावर सगळं खापर फोडू नये, पण धागा त्या दिशेने जातो. विषाणू गेल्यावर जीनोटाइप ३ मध्ये ही चरबी उतरते. म्हणून सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं आणि माणूस सडपातळ, गोड न खाणारा असेल, तर हिपॅटायटिस सी ची तपासणी विचारायला हरकत नाही.

साळुंकी, हू-७ चा मुद्दा निघाला म्हणून विचारतो: विषाणूच्या कणांच्या घनतेचं तुम्ही काय बघता?

---

साळुंकी

रुग्णाच्या रक्तातला विषाणू हलका असतो. एपीओई, एपीओबी (रक्तात तेल वाहणारी प्रथिनं) आणि तेल अंगावर घेऊन फिरतो, लिपोव्हायरोकण म्हणतात त्याला, आणि संसर्गक्षम भाग उताराच्या हलक्या बाजूला तरंगतो. हू-७ मधून निघालेला त्यामानाने जड. म्हणून बशीतल्या विषाणूवरून रक्तातल्या विषाणूचं तेल मोजू नये.

मेदबिंदू वेगळे काढायचे तर: पेशी कमी क्षाराच्या द्रावणात फुगवून फोडायच्या, खाली सुक्रोज, १,००,००० जी वर तासभर. वर पांढरी साय येते ती बिंदूंची. ईआर किती आला ते कॅल्नेक्सिन या ईआरच्या प्रथिनाने बघायचं. तो शून्य कधीच येत नाही, कारण बिंदू आणि ईआर खरोखरच जोडलेले असतात. "शुद्ध बिंदूंत विषाणूचं प्रथिन सापडलं" या दाव्याला कॅल्नेक्सिनचा पट्टा शेजारी नसेल तर मी मान डोलावत नाही.

---

उंबरठा

एक मुद्दा कुणीच घेतला नाही. बिंदू वाढले म्हणजे विषाणूने वाढवले, असं आपण गृहीत धरतोय. पेशीही मुद्दाम वाढवत असेल तर? व्हायपेरिन हे इंटरफेरॉनने वाढणारं प्रथिन मळसूत्राच्या आधाराने ईआर आणि मेदबिंदूंवर बसतं, हे २००९ पासून ठाऊक आहे. २०१८ मध्ये कळलं की ते सीटीपी या आरएनएच्या घटकापासून डीडीएचसीटीपी नावाचा खोटा न्यूक्लिओटाइड बनवतं, आणि विषाणूचं पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) तो उचलून साखळी मधेच तोडतं. म्हणजे ज्या ओट्यावर विषाणू बसतो त्याच ओट्याखाली पेशीने सुरुंग पेरलाय. २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या कामात संसर्गाच्या पहिल्या काही तासांत बिंदू वाढले तर इंटरफेरॉनचा प्रतिसाद जोरदार आणि विषाणू कमी, असं दिसलं.

उलट २०२० मध्ये ब्राझीलच्या गटाने कोविडच्या विषाणूत (सार्स कोरोनाविषाणू-२) बिंदू वाढलेले दाखवले आणि डीजीएटी१ रोखल्यावर विषाणू घटला. म्हणजे बाजू विषाणूगणिक आणि तासागणिक बदलते.

---

अडाणी_प्रश्न

मग प्रयोगात बिंदू कमी-जास्त करून बघायचं तर कसं? पेशींना उपाशी ठेवलं की कमी होतील ना?

---

साळुंकी

इथेच बरेच जण फसतात. उपाशी ठेवलं की सुरुवातीला बिंदू वाढतात. ऑटोफॅजीत पेशी आपली पटलं मोडते, सुटलेली मेदाम्लं विषारी म्हणून आधी बिंदूंत साठवते आणि मग जाळते. शिवाय उपासाने ऑटोफॅजी चालू होते, म्हणजे डेंग्यूला हवं तेच तुम्ही आयतं करून दिलंत.

वाढवायचे तर ओलिक आम्ल, २०० ते ४०० मायक्रोमोलर, रात्रभर. एकटं टाकायचं नाही, साबणासारखं पेशी फोडतं. मेदाम्लविरहित बीएसएला (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला) सहास एक या रेणूप्रमाणात बांधून द्यायचं. ४०० मायक्रोमोलरला मिलिलिटरमागे साधारण ४.४ मिलिग्रॅम बीएसए लागतं. नियंत्रण काचेला तेवढंच रिकामं बीएसए द्या, पाणी नव्हे. पाल्मिटेट घेऊ नका, त्याने पेशी मरतात आणि विषाणू कमी झाल्याचा भास होतो.

कमी करायचे तर डीजीएटी१ साठी ए९२२५००, डीजीएटी२ साठी पीएफ-०६४२४४३९, आधी वेगवेगळी, मग एकत्र. एकट्या एकाने बिंदू जात नाहीत, वर पेशीनामांनी कारण लिहिलंच आहे. सी७५ वर फार भिस्त ठेवू नका, ते मेदाम्लं बनणं रोखताना सीपीटी१ लाही (मेदाम्लं जाळण्यासाठी मायटोकाँड्रियात नेणाऱ्या एन्झाइमलाही) चाळवतं. इटोमॉक्सिरचं माप पाहा: सीपीटी१ रोखायला काही मायक्रोमोलर पुरतं; जुन्या कामांत सर्रास वापरलेल्या २०० मायक्रोमोलरला ते मायटोकाँड्रियातलं कॉम्प्लेक्स १ (श्वसनसाखळीतला पहिला दुवा) पण बंद करतं आणि मग "मेदाम्लं जाळणं थांबलं म्हणून विषाणू थांबला" हे वाक्य लिहिता येत नाही.

आणि सिरमची बाटली. १० टक्के सिरममध्ये स्वतःचं तेल असतं आणि ते लॉटगणिक बदलतं. एका मालिकेसाठी एकच लॉट राखून ठेवा, पेशींची दाटीही प्रत्येक वेळी सारखी ठेवा.

---

तिरफळ

लॉटवाल्या ओळीला +१. तेवढ्यासाठी तरी धागा वाचनखुणेत टाकला.